झाड पाडल्यानंतरचे सहा महिने

शेताच्या बांधावर उभे असलेले झाड शेतकरी आपल्या मालमत्तेत धरतो. आजोबांनी लावलेला आंबा, बापाने राखलेली बाभूळ, स्वतः पाणी घालून वाढविलेला साग यांची मोजदाद त्याला तोंडपाठ असते. परंतु तेच झाड आडवे पडल्यानंतर त्याचे काय होते, याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. वैशाखात झाड तोडले जाते, ओंडका गोठ्यामागे सालीसकट पडून राहतो, त्यावर मृगाचा पाऊस येतो, सालीखाली भुंगेऱ्याच्या अळ्या शिरतात आणि श्रावणात त्यावर छत्र्या उगवतात. दिवाळीनंतर सुतार येतो तेव्हा निम्मे लाकूड जळणात जाते. याउलट कित्येकदा घाई इतकी असते की, तोडल्यापासून पंधरा दिवसांतच ओल्या लाकडाची चौकट भिंतीत बसविली जाते. पहिल्याच उन्हाळ्यात सांधे उघडतात, दाराच्या फळ्यांमधून उजेड दिसू लागतो, आणि घरधनी सुताराला बोल लावतो. वास्तविक दोष सुताराचा नसतो आणि लाकडाच्या जातीचाही नसतो. लाकूड ओले होते, इतकेच.

झाडे लावण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. केंद्र शासनाने 2014 साली राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण जाहीर केले, आणि महाराष्ट्रात 2016 ते 2019 या वर्षांत कोट्यवधी रोपांच्या लागवडीच्या मोहिमा झाल्या. खड्डा किती घनफुटांचा असावा, रोपे कोणत्या अंतरावर लावावीत, कोवळ्या रोपांना शेळ्यांपासून कसे राखावे, हे गावपातळीवरील कार्यकर्ता आज सहज सांगू शकतो. परंतु झाड तयार झाल्यावर शेतकऱ्याने त्याच कार्यकर्त्याला विचारले की, आता याचे काय करू, तर त्याच्याजवळ ‘व्यापारी बघा’ याखेरीज बहुधा उत्तर नसते. कापूस वेचल्यानंतर तो कसा साठवावा, हळद कशी शिजवावी व वाळवावी, हे शिकविणे जसे विस्तारकार्याचे अंग मानले जाते, तसेच लाकूड कापणे व वाळविणे हेही मानले गेले पाहिजे. तीस वर्षे वाढविलेल्या पिकाची काढणीनंतरची निगा हा विषय लागवडीच्या शास्त्राइतकाच शेतीचा आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो पोकळ नाही. झाड विकावयाचे ते नडीच्या वेळी. मुलीचे लग्न, दवाखाना, विहिरीचे राहिलेले बांधकाम अशा प्रसंगी. अशा वेळी सहा महिने फळ्या वाळत ठेवा असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला बियाणे राखून ठेवण्याचा उपदेश करण्यासारखे आहे. हे खरे असले तरी दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे, प्रत्येक झाड नडीपायी जात नाही. घरासाठी, गोठ्यासाठी, औतांसाठी तोडलेली झाडे आणि वादळात पडलेली झाडे यांची संख्या थोडी नाही. दुसरी गोष्ट अशी की, नडीच्या वेळी उभे झाड विकणाऱ्याला निदान त्यात किती लाकूड आहे एवढे तरी मोजता आले पाहिजे. ते येत नाही म्हणूनच ‘नजरेने’ सौदा होतो, आणि ती नजर नेहमी घेणाऱ्याची असते.

मोजण्याची रीत सोपी आहे. लाकडाच्या व्यवहारात बहुतेक ठिकाणी पाव घेराची रीत चालते. ओंडक्याच्या मध्यावर दोरीने घेर घ्यावयाचा, त्याचा चौथा भाग काढावयाचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणावयाचे. समजा, मध्यावरचा घेर 120 सेंटिमीटर व लांबी 3 मीटर आहे. पाव घेर 30 सेंटिमीटर, तेव्हा 0.30 गुणिले 0.30 गुणिले 3, म्हणजे 0.27 घनमीटर, अर्थात सुमारे साडेनऊ घनफूट. परंतु हाच ओंडका खऱ्या वर्तुळाच्या हिशेबाने मोजला तर तो 0.34 घनमीटर, म्हणजे बारा घनफुटांहून थोडा अधिक भरतो. पाव घेराच्या रीतीत शेकडा एकवीस-बावीस भाग कमी धरला जातो. कापताना कडेच्या फाका व भुसा वाया जातो, त्यासाठी ही सूट आहे असे समजले जाते. या रीतीत लबाडी आहे असे मुळीच नाही. मात्र एकदा ही सूट दिल्यावर पुन्हा ‘घट’ म्हणून आणखी काही वजा करू देणे म्हणजे एकाच घटीचे पैसे दोनदा देणे होय. दर घनफुटाचा ठरतो तेव्हा तो पाव घेराच्या घनफुटाचा की कापलेल्या मालाच्या घनफुटाचा, हे सौद्याआधीच बोलून घ्यावे.

तोडण्यापूर्वीची एक बाबही येथेच सांगून टाकलेली बरी. झाड स्वतःच्या शेतातले असले तरी महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने साग, खैर, चिंच, आंबा, जांभूळ, मोह इत्यादी अनुसूचित झाडांच्या तोडीसाठी परवानगी लागते आणि कित्येक जातींच्या मालाच्या वाहतुकीसाठी निराळा परवाना लागतो. आरागिरणीसही परवाना असावा लागतो. तेव्हा झाड पाडून मग कागदांमागे धावू नये. त्या धावपळीत ओंडका दोन-तीन महिने पडून राहतो, आणि नुकसानीला तेवढा काळ पुरेसा असतो.

लाकडातील पाणी

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते. काही पाणी लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांच्या पोकळीत मोकळे भरलेले असते, तर काही त्या नळ्यांच्या भिंतीतच मुरलेले असते. वाळताना आधी पोकळीतले पाणी जाते. त्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलावा शेकडा 30 च्या आसपास येईपर्यंत हीच स्थिती असते. त्याखाली गेल्यावर भिंतीतले पाणी सुटू लागते आणि मग लाकूड आखडू लागते. लोकांची फसगत होते ती येथेच. ओंडका महिनाभर पडला, हाताला कोरडा लागला, वजनालाही उतरला, म्हणजे तो वाळला असे वाटते; परंतु आखडण्याची क्रिया अजून सुरूही झालेली नसते. ती पुढे चौकट भिंतीत बसल्यावर सुरू होते.

आखडणेही सगळीकडे सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. गाभ्याकडून सालीकडे जेवढे आखडते, त्याच्या सुमारे दुप्पट वर्षवलयांच्या दिशेने आखडते. भेंडासकट अख्खा ठेवलेला वासा वाळताना हमखास फाटतो, कारण बाहेरचे कडे आत जावयास पाहते आणि आतला गाभा त्या मानाने मागे राहतो. रुंद फळी पन्हळीसारखी वाकते तीही याच कारणाने. साग हे आखडण्याच्या बाबतीत अत्यंत सौम्य लाकूड समजले जाते. तरीही ओल्या सागाची 30 सेंटिमीटर रुंदीची साधी कापलेली फळी वऱ्हाडातल्या उन्हाळ्यापर्यंत वाळली की सुमारे एक सेंटिमीटरने अरुंद होते. चार फळ्यांच्या दारात मिळून किती फट पडेल, हे कोणीही सांगू शकेल.

औताच्या बाबतीत हाच अनुभव निराळ्या रूपाने येतो. कुऱ्हाडीचा किंवा खोऱ्याचा दांडा ढिला झाला की तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याची चाल आहे. सकाळी दांडा घट्ट बसतो व काम भागते. परंतु फुगलेले लाकूड लोखंडी नेढ्यात कोंडले जाऊन आतल्या आत चेपते. पुन्हा वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही बारीक होते, आणि चार दिवसांनी दांडा अधिकच खिळखिळा होतो. पूर्ण वाळलेल्या बाभळीचा दांडा बसविला तर हा खटाटोप करावाच लागत नाही.

तोड आणि काप

झाड तोडण्यास उत्तम काळ पावसाळा सरल्यानंतरचा, साधारणतः कार्तिकापासून माघापर्यंतचा होय. या दिवसांत हवा कोरडी पण थंड असते. त्यामुळे लाकूड सावकाश वाळते, तडे कमी पडतात, आणि भुंगेरे व बुरशी यांचा जोरही कमी असतो. शिवाय पुढचा पाऊस येण्यास अवधी असल्याने फळ्या वाळविण्यास पाच-सहा महिने हातात मिळतात. कृष्णपक्षात तोडलेल्या लाकडास कीड लागत नाही, असे जुने लोक सांगतात. ज्यास तो नियम पाळावयाचा असेल त्याने अवश्य पाळावा. परंतु वद्य पक्ष साधून झाड ज्येष्ठात तोडले तर कीड त्याची तिथी विचारीत नाही. पक्षापेक्षा ऋतू महत्त्वाचा आहे.

तोडल्यानंतर ओंडका जितक्या लवकर कापला जाईल तितके चांगले. आंबा, सावर यांसारख्या नरम व पांढऱ्या लाकडाच्या बाबतीत तर थोड्याच दिवसांत निळसर-काळे डाग पडू लागतात. ते बुरशीचे असतात आणि रंध्याने जात नाहीत. साग व शिसव यांस थोडी सवड मिळते. ती गाभ्याच्या लाकडास, सालीलगतच्या पांढऱ्या लाकडास नव्हे. ओंडका तात्काळ कापणे शक्यच नसेल तर त्याच्या दोन्ही तोंडांस डांबर, जुना तेलरंग किंवा मेण यांचा जाड थर द्यावा. लाकडाच्या नळ्या तोंडाशीच उघड्या असतात व तेथून पाणी फार वेगाने उडते; तडे पडतात ते तेथूनच. शेणमातीचा लेपही देतात. तो काहीच नसण्यापेक्षा बरा. मात्र तडकला की पुन्हा द्यावा लागतो. निलगिरीच्या ओंडक्यात उभ्या झाडापासूनच ताण भरलेला असतो, त्यामुळे तोडताच त्याची तोंडे फाटतात. त्याचे ओंडके थोडे लांब ठेवावेत, म्हणजे फाटलेली तोंडे छाटून टाकता येतात.

वादळात पडलेल्या झाडांची गोष्ट निराळी, कारण तेथे ऋतू निवडण्याची मुभा नसते. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनारपट्टीत आंबा, फणस, साग, नारळ, पोफळी असंख्य संख्येने आडव्या केल्या, आणि मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आले. दोन्ही वेळा मागोमाग पावसाळा होता. अशा वेळी कापण्याची सोय होईपर्यंत ओंडके पाण्यात पूर्ण बुडवून ठेवणे हा चांगला उपाय आहे. बुरशीस ओलावा लागतो तशी हवाही लागते. पाण्याखाली हवा मिळत नाही. अर्धवट बुडालेला व अर्धवट उघडा ओंडका मात्र सर्वांत लवकर कुजतो. म्हणून ओंडके एकमेकांस बांधून त्यांवर दगड ठेवावेत, व हे काम पिण्याच्या पाण्याच्या जागी करू नये.

कापताना तीन गोष्टी सुताराला किंवा गिरणीवाल्याला आधीच सांगाव्यात. भेंड फळीच्या मध्ये येऊ देऊ नये. ते बाजूस काढून त्याचे लहान तुकडे इतर कामी वापरावेत. फळीची जाडी हवी त्याहून थोडी अधिक ठेवावी: 25 मिलिमीटरची तयार फळी हवी असेल तर 29 ते 30 मिलिमीटर जाडीची कापावी, कारण आखडणे व रंधा या दोहोंत तेवढी जाडी जाते. तिसरी गोष्ट करवतीची. चकतीच्या करवतीने प्रत्येक कापात चार ते सहा मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, तर पट्ट्याच्या करवतीने दोन-तीन मिलिमीटरचाच. दहा काप घेतले की चकतीच्या करवतीने जवळजवळ दोन फळ्या भुशात जातात. साग-शिसवाचा ओंडका असेल तर थोडे दूर गाडी नेऊन पट्ट्याच्या करवतीची गिरणी गाठणे परवडते. जळाऊ बाभळीसाठी तो खटाटोप नको. भुसा मात्र टाकू नये. तो गोठ्यात अंथरून गोमूत्र शोषून घेतल्यावर खतखड्ड्यात टाकावा. कोरडा भुसा सरळ शेतात मिसळला तर तो कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतो व पीक पिवळे पडते.

थप्पी

आता मुख्य कामाकडे वळू. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवणे, किंवा एकावर एक घट्ट रचून ठेवणे, या दोन्ही रीती सर्वत्र दिसतात व दोन्ही चुकीच्या आहेत. टेकविलेली फळी वाकते. घट्ट रचलेल्या फळ्या आत कुबट होतात. योग्य रीत म्हणजे पट्ट्या घालून रचलेली थप्पी.

सावलीची, उंच व पाण्याचा निचरा होणारी जागा पाहावी. तेथील गवत व जुनी कुजकी लाकडे साफ करावीत, कारण वाळवी तेथूनच येते. विटांचे किंवा दगडांचे दीड फूट उंचीचे पाये एका पातळीत करावेत. पातळी डोळ्याने न पाहता पाण्याच्या नळीने पाहावी. खालचा पाया वाकडा असेल तर वरची प्रत्येक फळी तसाच वाक घेते आणि वाळल्यावर तो निघत नाही. पायांवर जाड आडवे वासे टाकून त्यांवर फळ्यांचा पहिला थर द्यावा. दोन फळ्यांमध्ये बोटभर अंतर असावे. प्रत्येक थरावर साधारणतः दोन-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या ठेवाव्यात. या पट्ट्या वाळलेल्या लाकडाच्या व सर्व एका जाडीच्या, सुमारे 25 मिलिमीटरच्या, असाव्यात. ओल्या पट्ट्या ठेवल्या तर फळीवर त्यांचे डाग उठतात. एका थरातील पट्टी खालच्या थरातील पट्टीच्या बरोबर वर आली पाहिजे. ती इकडेतिकडे सरकली तर मधल्या फळीवर भार पडून तिला झोळ येतो. शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाशी असावी. थप्पीची रुंदी चार-पाच फुटांपेक्षा अधिक नसावी, नाही तर मधल्या फळ्यांना वारा मिळत नाही. सर्वांत वर टाकाऊ फळ्यांचा थर देऊन त्यावर जड दगड ठेवावेत, आणि पत्र्याचे किंवा गवताचे छप्पर असे करावे की ऊन व पाऊस दोन्ही थप्पीवर सरळ पडणार नाहीत.

उन्हात लाकूड लवकर वाळते, मग सावली कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारतात. उन्हात फळीचे बाहेरचे अंग आधी वाळून आखडते, आत मात्र पाणी तसेच असते. आखडलेली कातडी ओल्या अंगावर ताणली जाते आणि फाटते. मराठवाडा व विदर्भात फाल्गुनापासून जे कोरडे वारे सुटतात, त्यांपासूनही थप्पी जपली पाहिजे. त्या बाजूस तट्ट्या उभ्या कराव्यात व कोवळे लाकूड असेल तर पहिले तीन आठवडे चारी बाजूंनी आडोसा करावा. कोकणात अडचण उलटी आहे. तेथे वारा अडवू नये, पट्ट्या थोड्या जाड घ्याव्यात, आणि मृगाच्या आत फळ्या घरात घ्याव्यात. कारण पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड वाळणे थांबते, इतकेच नव्हे तर वाळलेले लाकूडही पुन्हा ओलावा घेते.

यावरून असेही लक्षात येईल की, पुरते वाळलेले लाकूड म्हणजे सर्वत्र एकसारखे लाकूड नव्हे. रत्नागिरीच्या हवेत स्थिरावलेली फळी नागपुरास नेली तर ती तेथे पुन्हा आखडेल. म्हणूनच भारतीय मानक 287 मध्ये देशाचे हवामानानुसार चार विभाग पाडून प्रत्येकासाठी लाकडाचा ओलावा निराळा ठरवून दिला आहे. शेतकऱ्याने मानकाचे आकडे पाठ करण्याचे कारण नाही. जेथे दार बसावयाचे त्याच गावच्या हवेत फळ्या वाळल्या, एवढे पाहिले तरी मानकाचा हेतू बहुतांशी साधतो. आणि हे काम शहराच्या वखारीपेक्षा गावातच चांगले होते.

किती दिवस लागतील, हे लाकडाच्या जातीवर व जाडीवर अवलंबून असते. 25 मिलिमीटरच्या फळ्या कोरड्या ऋतूत साधारणतः दोन ते चार महिन्यांत तयार होतात. जड लाकडास अधिक काळ लागतो. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच अधिक लागतो. चौकटीच्या जाड लाकडास म्हणूनच वर्षही पुरत नाही असे घडते. ते आधी कापून ठेवावे व फळ्या मागाहून कापाव्यात.

जुन्या रीती

गावची जुनी रीत अडाणीपणाची असते, असे समजण्याचे कारण नाही. बाभळीचे लाकूड ओढ्यात किंवा डबक्यात दोन-तीन महिने बुडवून ठेवण्याची चाल सर्व देशभर आहे. बाभळीच्या पांढऱ्या लाकडात पिष्टमय पदार्थ असतो व त्यावर पीठ पाडणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या जगतात. पाण्यात तो पदार्थ बराचसा कमी होतो व कीड पाठ सोडते. मात्र बुडविणे म्हणजे वाळविणे नव्हे. पाण्याबाहेर काढलेल्या बाभळीचीही थप्पी लावावीच लागते, आणि हा दुसरा भाग पुष्कळ ठिकाणी विसरला गेला आहे. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती खोल कडे कोरून झाड उभ्यानेच वाळू देत असत. हिरवा साग नदीत तरंगत नाही, म्हणून ही युक्ती होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागापासून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज 1817 साली पाण्यात उतरले. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. दोनशे वर्षे टिकणारे लाकूड हे सागाच्या गाभ्याचे पक्के लाकूड होय, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण 1990 नंतरच्या दशकात ‘पंधरा वर्षांत सागाचे सोने’ अशा जाहिराती करून अनेक योजना निघाल्या व बुडाल्या. पंधरा वर्षांच्या सागात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा असतो, आणि त्या पांढऱ्या लाकडास वाळवी खाते. ते लाकूड टाकाऊ नाही. परंतु त्याला जुन्या सागाचा भाव किंवा जुन्या सागाचा भरवसा देता येत नाही.

अशा पांढऱ्या लाकडास, तसेच आंबा व सुबाभूळ यांच्या फळ्यांस, घरातील कामासाठी टाकणखार व बोरिक आम्ल यांचे पाणी देता येते. 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार व 2 किलो बोरिक आम्ल विरघळवून ताज्या ओल्या फळ्या त्यात बुडवाव्यात, नंतर दोन-तीन आठवडे घट्ट रचून झाकून ठेवाव्यात म्हणजे औषध आत मुरते, आणि मग पट्ट्या घालून थप्पी लावावी. एकदा वाळलेल्या फळीत हे औषध खोल जात नाही, म्हणून ते ओलेपणीच द्यावे. पावसात ते धुऊन जाते, तेव्हा कुंपणाच्या खांबांस त्याचा उपयोग नाही. हातमोजे घालावेत, व उरलेले पाणी गुरे व मुले यांच्यापासून दूर ठेवावे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1933 साली सोंती कामेशम यांनी शोधून काढलेले तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण जगभर वापरले गेले. परंतु त्यात सोमल असल्यामुळे ते घरगुती वापराचे औषध नव्हे, व त्याने भिजलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत कधीही घालू नयेत.

कार्यकर्त्याचे काम

विस्तार कार्यकर्त्याने या विषयावर व्याख्याने देत बसावे असे नाही. गावात एक थप्पी लावून दाखवावी. शाळेच्या आवारात वाऱ्याने पडलेला एखादा निंब असतो, कोणाचे घर निघालेले असते. एका ओंडक्याच्या दहा-बारा फळ्या पुरेशा आहेत. त्यातल्या दोन फळ्या मुद्दाम उन्हात व दोन भिंतीला टेकवून ठेवाव्यात. उन्हाळ्याच्या शेवटी त्या चार फळ्या थप्पीतील फळ्यांशेजारी मांडल्या, म्हणजे निराळे काही सांगावे लागणार नाही. सुतारास या कामात पहिल्यापासून बरोबर घ्यावे. ओल्या लाकडावर काम करावयास त्यालाही आवडत नाही. घरधन्याच्या घाईपुढे त्याचे चालत नाही, एवढेच. घरबांधणीचा मुहूर्त ठरण्यापूर्वी एक वर्ष लाकूड कापून ठेवावे, हे बोलणे कार्यकर्त्याच्या तोंडून आले तर सुताराचे काम सोपे होईल. आणि ज्यास नडीपायी विकणे भाग आहे, त्यालाही सगळे झाड एकदम द्यावे लागत नाही. परवाना व गिरणी यांची सोय असेल तर बुंध्याचा उत्तम ओंडका कापून थप्पीला लावावा व बाकीचे विकावे, असा मध्यम मार्ग निघू शकतो. यातही धोका आहे. निगा न राखता ठेवलेल्या फळ्या ओंडक्याहूनही कमी भावात जातात. म्हणून ज्याच्याकडे जागा व लक्ष नाही, त्यास हा सल्ला देऊ नये.

लाकूड वाळले की नाही हे ठरविण्यासाठी आज विजेवर चालणारी ओलावामापके मिळतात, व दोन-चार गावांत मिळून एक घेतले तरी चालते. ते नसले तरी अडत नाही. ताज्या फळीच्या टोकापासून हातभर आत बोटभर जाडीचा एक काप घेऊन त्याचे वजन करावे. माती परीक्षण प्रयोगशाळेत मातीचा ओलावा काढण्यासाठी जी भट्टी असते तीत तो पुरा वाळवून पुन्हा वजन करावे. हिशेबही मातीचाच: गेलेल्या पाण्याला कोरड्या वजनाने भागावयाचे. काप 400 ग्रॅमचा होता व वाळून 250 ग्रॅम झाला, तर 150 भागिले 250, म्हणजे शेकडा 60 ओलावा. बाजारात धान्याचा ओलावा ओल्या वजनावर काढतात, त्यामुळे या दोन आकड्यांची गल्लत करू नये. लाकडाचा ओलावा शेकडा शंभराहून अधिक निघाला तरी त्यात चूक नसते.

भट्टीही जवळ नसेल तर थप्पी रचतानाच मधल्या थरात एक आखूड फळी अशी ठेवावी की ती सहज ओढून काढता येईल. तिच्या दोन्ही तोंडांस रंग द्यावा. दर आठवड्याला ती किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावी व वजन तिच्याच अंगावर खडूने तारीख घालून लिहावे. कोरड्या ऋतूत लागोपाठ तीन आठवडे वजन तेच राहिले की, त्या जाडीच्या फळ्या सुताराच्या हाती द्याव्यात. नंतरही त्या दहा-पंधरा दिवस, ज्या घरात दार बसणार त्याच घरात ठेवून मगच रंध्याखाली घ्याव्यात.